सव्वा तासाचं विमान आणि धर्माबादचा माणूस

परवा आपल्या एका ग्रुपवर एका पोराने विचारलं, "नांदेड ते मुंबई विमानाने किती वेळ लागतो?" दोन मिनिटांत तिघांनी उत्तर टाकलं. एकाने मोबाईलचा फोटोच टाकला, सव्वा तास. खाली अंगठे, टाळ्या, "नांदेड कुठल्या कुठं गेलं बघा" वगैरे.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. कारण उत्तर लांब होतं. तेच आज इथे लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

सव्वा तास हे उत्तर चूक नाही. नांदेड आणि मुंबई हे दोन विमानतळ नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर अंतर साधारण ४७० किलोमीटर भरतं. दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे विमान जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला जातं. जेट विमान हवेत एकदा स्थिर झालं की ताशी ७००-८०० किलोमीटरने जातं. पण एवढ्या कमी अंतरात ते स्थिर होतंय कधी? वर चढण्यात अर्धा रस्ता जातो, उतरण्यात उरलेला. वरून मुंबईला गर्दी असली की समुद्राकडे एक-दोन घिरट्या. म्हणून ४७० किलोमीटरला सव्वा तास. हैदराबादला तर त्याहून गंमत. नांदेड ते शमशाबाद सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरसुद्धा नाही. तिथे पंख्याचं विमान आणि जेट यांच्यात दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडत असेल. तेवढा वेळ आपल्याकडे रेल्वे फाटकावर जातो.

तर विमानाचं गणित असं आहे. आता धर्माबादच्या माणसाचं गणित सांगतो, घरातलंच.

२०२३ चा पावसाळा. माझ्या लेकीचं बारावीनंतरचं प्रवेशाचं चालू होतं. नियमित फेऱ्यांत मनासारखं काही लागलं नाही. मुंबईतल्या एका कॉलेजात रिकाम्या जागांच्या फेरीसाठी नाव टाकून ठेवलं होतं, आशा काही ठेवली नव्हती. एका रात्री पावणेदहाला यादी लागली आणि तिचं नाव होतं. खाली एक ओळ: उद्या दुपारी १२ पर्यंत मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहावे, अन्यथा जागा पुढच्या विद्यार्थ्याला.

जेवण अर्धं ताटात राहिलं. लेकरू आधी हसलं, मग घड्याळाकडे बघून रडायला लागलं.

आता तुम्हीच सांगा, धर्माबादहून रात्री पावणेदहाला निघून दुसऱ्या दिवशी बाराच्या आत मुंबईत कसं पोचायचं? देवगिरी केव्हाच गेलेली. राज्यराणी गाठायची तर आधी नांदेड, म्हणजे ८० किलोमीटर, तीही हातची गेली. थेट कारने मुंबई म्हटलं तर साडेसहाशेच्या वर किलोमीटर, पावसाचे दिवस, तेरा तास तरी. वाटेत एक टायर फुटला की संपलं. नांदेडहून सकाळचं विमान? त्या काळात नांदेडहून नियमित विमान उडतच नव्हतं. धावपट्टी होती, इमारत होती, पाटी होती. विमान नव्हतं.

बायकोने जे सांगितलं ते मला सुचलंही नव्हतं. ती म्हणाली, "हैदराबादला जा की. मुंबईचं विमान तिथून तासातासाला असतंय."

साडेदहाला भाड्याची गाडी काढली. बासरचा पूल ओलांडला, गोदावरी दोन्ही काठांना लागलेली. निजामाबाद, कामारेड्डी, मग मोठा हायवे, मेडचलपासून रिंग रोड, आणि साडेतीनला शमशाबाद. ड्रायव्हर शेजारच्या गावचा, रात्रभर एकच गोष्ट बोलत होता, मिरचीचा भाव. सहाच्या सुमाराचं विमान, साडेसातला मुंबई. दहाला आम्ही कॉलेजच्या दारात होतो, दोघांच्याही डोळ्यांत झोप आणि अंगाला मिरचीचा वास. हसू नका, त्या गाडीत आदल्या दिवशी पोती नेली होती. टेबलावरच्या बाईंनी दोनदा रुमाल नाकाला लावला. प्रवेश झाला.

खर्च सांगतो. गाडी ५,५०० जाण्याचे. तिकिटं ऐनवेळची म्हणून दोघांची मिळून सोळा हजार. त्या रात्री माझ्याकडे एवढे पैसे कार्डावर होते, म्हणून प्रवेश झाला. ज्याच्याकडे नसतील त्याच्या लेकीचं काय झालं असतं, ते सरळ आहे. जागा पुढच्या विद्यार्थ्याला.

नंतर एकदा निवांत नकाशा काढून बसलो. धर्माबाद ते मुंबई सरळ रेषेत सव्वापाचशे किलोमीटर. आम्ही काय केलं? मुंबई पश्चिमेला, तर आम्ही आधी सव्वादोनशेच्या वर किलोमीटर उलटीकडे, आग्नेयेला गेलो. मग तिथून सव्वासहाशे किलोमीटर हवेत मागे आलो. एकूण साडेआठशे. महाराष्ट्राच्या मुलीला महाराष्ट्राच्या राजधानीत जायला दुसऱ्या राज्याच्या राजधानीतून जावं लागलं, आणि तोच रस्ता सगळ्यात जवळचा होता!

आपल्याकडची गावं मध्येमध्ये "आम्हाला तेलंगणात टाका" म्हणून निवेदनं देतात, तेव्हा मुंबई-पुण्याचे लोक हसतात, काही चिडतात. धर्माबाद, बिलोलीकडच्या गावांची ही मागणी निव्वळ तिकडच्या शेतकरी योजनांपुरती नाही. दवाखाना हैदराबाद, लग्नाचा बस्ता निजामाबाद, विमान शमशाबाद. माणसाचे पाय ज्या दिशेला रोज जातात त्या दिशेला मनही जातं. मी स्वतः त्या मागणीच्या बाजूचा नाही. आपली भाषा, आपली लेकरांची शाळा इकडे आहे. पण त्या मागणीला हसणाऱ्याने एकदा रात्री पावणेदहाला धर्माबादहून मुंबईला निघून दाखवावं.

आता नांदेडच्या विमानतळाकडे येऊ. आपल्याकडे लोक एक तर त्याचा फार अभिमान बाळगतात किंवा फार शिव्या देतात. थोडा इतिहास लक्षात ठेवला तर दोन्ही कमी होईल.

ही धावपट्टी १९५८ पासूनची. पण तिचं भाग्य उजळलं २००८ ला, गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीमुळे. गुरू गोविंदसिंगजींनी गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं त्याला ३०० वर्षं झाली, देशोदेशीचे भाविक येणार म्हणून शहरात रस्ते, पूल झाले आणि विमानतळ नवा झाला. धावपट्टी २,३०० मीटरची झाली. त्याच ऑक्टोबरात किंगफिशरची सेवा सुरू झाली. २०१२ मध्ये ती कंपनीच बसली. मधल्या काळात, २००९ ला, नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ, बारामती असे पाच विमानतळ सरकारने रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊन टाकले. ९५ वर्षं! आपण शेत बटईने देताना एक वर्षाचं बोलतो.

मग आली 'उडान'. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्यातून या योजनेच्या पहिल्या विमानांना हिरवा झेंडा दाखवला, त्यात सिमला-दिल्लीबरोबर कडप्पा-हैदराबाद आणि नांदेड-हैदराबाद होतं. म्हणजे देशातल्या अगदी पहिल्या दिवसाच्या तीन मार्गांत आपलं नांदेड होतं. ट्रूजेट कंपनीचं पंख्याचं विमान. जूनमध्ये मुंबईही जोडली. डिसेंबरात एअर इंडियाने अमृतसर जोडलं. ते दिवस मला आठवतात. आमच्या ओळखीच्या एका अडत्याने नुसतं बसून बघायला म्हणून नांदेड-हैदराबाद विमान केलं आणि परत येताना रेल्वेने आला.

२०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटही बंद पडली. मग दोन वर्षं शुकशुकाट, आमची ती रात्र त्याच काळातली. ३१ मार्च २०२४ ला स्टार एअरने पुन्हा सुरुवात केली, बेंगळुरू-नांदेड-हिंडन-आदमपूर. ७६ जणांचं एम्ब्रेअर जेट. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये धावपट्टीच्या अवस्थेवरून पुन्हा उड्डाणं थांबली. त्याच महिन्यात, २६ तारखेला, मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत आली. एका हाताने घेतलं, एका हाताने दिलं.

यातून मला काय दिसतं ते सांगतो. पटलं नाही तर भांडा.

पहिली गोष्ट कडू आहे. हा विमानतळ आपल्यासाठी वाढला नाही, सचखंडसाठी वाढला. मार्ग बघा ना, अमृतसर, दिल्ली, हिंडन, आदमपूर. मुंबई येते, जाते. यात पंजाबी भाविकांवर राग नाही, उलट त्यांचे उपकार माना. त्यांच्यामुळे धावपट्टी जिवंत आहे. लातूरकडे असा भाविक नाही, म्हणून तिथली धावपट्टी नियमित प्रवासी विमानाची वाट बघत पडून राहिली. आणि त्यांच्यासाठी विमानाचा अर्थ काय आहे तेही समजून घ्या. नांदेड ते अमृतसर हवेतून सव्वाचौदाशे किलोमीटरच्या आसपास. सचखंड एक्स्प्रेस मात्र आधी परभणी, जालना, संभाजीनगर करत मनमाडपर्यंत पश्चिमेला जाते, मग भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा, दिल्ली, अंबाला. दोन हजारांहून जास्त किलोमीटर, दीड दिवस. वाटेत ठिकठिकाणी लंगर मिळतो, ते पुण्य वेगळंच. पण सत्तरीच्या आजीला गुडघे घेऊन दीड दिवस बसणं आणि अडीच-तीन तास बसणं यात फरक आहे. लांबच्या अंतराला विमान खरोखर वेळ वाचवतं. जवळच्या अंतराला ते वेळ वाचवतं असं नुसतं दिसतं.

दुसरी गोष्ट 'उडान'ची. या योजनेत कंपनीला अर्ध्या जागा ठरलेल्या कमी दराने विकाव्या लागतात, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजारांचा दर होता. त्या बदल्यात तोटा भरून द्यायला सरकार पैसे देतं, तेही तीन वर्षं. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील अशी कल्पना. पैसा येतो कुठून? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या आकारातून आणि राज्याच्या वाट्यातून. म्हणजे माझ्या त्या सोळा हजारांत कुठेतरी कुणाच्या तरी स्वस्त तिकिटाचे रुपये होते. तक्रार नाही. फक्त हे लक्षात घ्या की पैसा लोकांचा आहे, त्यामुळे "कंपनीची मर्जी" म्हणून विषय संपत नाही.

तीन वर्षांनी मदत संपते, कंपनी हिशेब मांडते आणि जाते. का जाते? विमान रिकामं म्हणून. रिकामं का? लोकांचा भरवसा नाही म्हणून. भरवसा का नाही? कारण विमान कधी असतं, कधी नसतं. कोंबडी आधी की अंडं आधी, हे नांदेडला २००८ पासून चालू आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की "किती वेळ लागतो" हा प्रश्नच बदला. पुढचं विमान कधी आहे, हे विचारा. विमान आठवड्यातून तीन दिवस असेल आणि तुमचं काम चौथ्या दिवशी निघालं, तर तुमचा प्रवास सव्वा तासाचा नाही, दोन दिवस आणि सव्वा तासाचा आहे. त्यात धर्माबाद ते नांदेड दोन तास. विमानाच्या आधी दीड-दोन तास पोचायचं. मुंबईत उतरून दादरपर्यंत ट्रॅफिक. आमच्या रात्रीच्या प्रवासात हैदराबादने आम्हाला वेग दिला नाही. तिथून विमान त्याच सकाळी होतं, एवढंच. नव्हतं तर दुसरं होतं, ते नव्हतं तर तिसरं. आपण शमशाबादला गेलो ते जवळ म्हणून नाही, खात्रीचं म्हणून.

मला माहीत आहे, आता काही जण म्हणणार, "सर, इथं एसटीत बसायला जागा नाही आणि तुम्ही विमानाचं काय घेऊन बसलात?" बरोबर आहे. निम्मं बरोबर आहे. मी स्वतः विमानात आयुष्यात पाच वेळा बसलो असेन, रेल्वेत पाच हजार वेळा. मला कुणी विचारलं की एकच गोष्ट माग, तर मी विमान मागणार नाही, दुसरा रूळ मागीन. निजामाच्या काळात १९०० च्या आसपास मनमाड-सिकंदराबाद लाईन पडली. शतक उलटलं, गेज बदललं, पण आपल्या बाजूला एकाच रुळावर क्रॉसिंगला गाडी थांबवून ठेवायची पद्धत काही गेली नाही. उमरी, करखेलीला उभ्या गाडीत आपलं किती आयुष्य गेलं असेल! २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुदखेड ते मेडचल दुहेरीकरण मंजूर केलं. ते जितकं लवकर होईल तितकं नांदेडचं विमानसुद्धा आपल्याला जवळ येईल. आज धर्माबादच्या माणसाला पहाटे पाचची वंदे भारत धरायची तरी आदल्या रात्री नांदेडला पाहुण्याकडे मुक्काम टाकावा लागतो. ६१० किलोमीटर साडेनऊ तासांत, छान गाडी आहे. पण आमच्यासाठी ती साडेनऊ तास अधिक एक रात्र अधिक पाहुण्याला नेलेली मिठाई अशी आहे.

पण निम्मं चूक यासाठी की विमान ही श्रीमंताची हौस हे आता खरं राहिलेलं नाही. आपली पोरं बेंगळुरूला कंपन्यांत आहेत, हैदराबादला आहेत, काही आखातात आहेत. धर्माबादच्या मिरचीला देशभरातून गिऱ्हाईक आहे. माणूस गेल्यावर अंत्यविधीला पोचायचं असतं, ऑपरेशनला सही करायला पोचायचं असतं. अशा वेळी लोक उसने घेऊन विमानाने येतात, हौसेने नाही.

मग मागायचं काय? माझं मत, नवीन मार्ग मागू नका. नवीन मार्गाच्या उद्घाटनाला सगळे येतात, बंद पडल्यावर कुणी येत नाही. एक मुंबई मागा, पण रोजची मागा, आणि ती लेखी पाच वर्षं टिकेल अशी मागा. भाविकांच्या मोठ्या मार्गांवर कंपनीला जो धंदा मिळतो त्याच्या बरोबर ही मुंबई बांधून द्या. पंजाबची वेळ पाहिजे तर मुंबईही चालवावी लागेल, असं सरकारला म्हणता येत नाही का? धावपट्टीची डागडुजी पावसाळ्याआधी, आधी तारीख जाहीर करून व्हावी. आणि धर्माबाद, बिलोली, देगलूर, किनवटकडून विमानाच्या वेळेला जुळणारी एक एसटी. एवढंच. यात कुठे हजार कोटी लागत नाहीत.

नाहीतर काय होईल तेही सांगतो. निजामाबादजवळ जक्रानपल्लीला विमानतळाचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे. तो झाला तर धर्माबादहून तो जवळपास नांदेडइतक्याच अंतरावर पडेल. त्या दिवशी मी कुठे जाईन? खरं सांगू? ज्याचं विमान रोज असेल तिथे. अभिमानाने प्रवेश मिळत नाही, दुपारी बाराच्या आत पोचल्याने मिळतो.

लेक आता शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला येते ती देवगिरीनेच, वरच्या बर्थवर, पाय पसरून. तिला विचारलं की विमानाने का येत नाहीस, तर म्हणते, "बाबा, त्या दिवशी असतंय का ते?"

मी एक वही केली आहे. धर्माबाद, उमरी, बिलोली, कुंडलवाडी, नायगाव, देगलूर, कुठलंही गाव असो. गेल्या दोन-तीन वर्षांत तातडीच्या कामाला मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्लीला गेला असाल, तर घराच्या दारापासून तिथल्या दारापर्यंत किती तास लागले, कुठून गेलात आणि किती खर्च आला, ते मला लिहून पाठवा. नाव नको, गाव पुरे. शंभर नोंदी झाल्या की घेऊन नांदेडला जातो, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि खासदारांकडे. पहिली नोंद माझी घातली आहे: धर्माबाद ते मुंबई, व्हाया शमशाबाद, साडेअकरा तास, २१,५०० रुपये.